मुलाण्याचा वाटा

"आता बिस्मिल्ला कुणी म्हणायचा?"

आई परसात उभी राहून वडिलांना विचारत होती. आवाज दबका होता, पण मी न्हाणीच्या दाराआड तोंड धूत होते, मला सगळं ऐकू आलं. चिंचेच्या बुंध्याला बकरं बांधलेलं होतं आणि ते निवांत पाला खात होतं. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, सगळी गडबड शमल्यावर पहिल्यांदाच यायचे होते. जावई म्हटल्यावर मटण आलंच. आणि आमच्याच नव्हे, गावातल्या कुठल्याच मटण खाणाऱ्या घरात मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय मटण चुलीवर चढत नसे. हे का, ते कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. आई सोमवार धरायची, महादेवाला बेल वाहायची, आणि मुलाण्याच्या हातचं नसलेल्या मटणाला मुर्दाड म्हणून नाक मुरडायची.

"त्याच्या बापाला बोलावतो," वडील म्हणाले.

"त्या म्हाताऱ्याला? डोळ्यांनी दिसंना त्यास्नी. आन् कोणत्या तोंडानं बोलवायचं?"

"तोंडाचं काय त्यात? जावई येनार हाय म्हनून बोलवायचं."

मी चूळ भरली आणि पाणी तोंडातच धरून उभी राहिले. कारण त्या म्हाताऱ्याचा मुलगा, आम्हां सगळ्यांचे मुलाणीकाका, कुठं आहेत हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

रझाकारांच्या भीतीनं वडिलांनी मला सोलापूरला मामांकडं ठेवलं होतं, मिशनच्या इंग्रजी शाळेत. नंतर त्याच सोलापूरच्या बाजूनं हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि भीती आमच्या घरातून उठून दुसऱ्यांच्या घरात जाऊन बसली. मुलाणीकाका त्याच दिवसांत गाव सोडून गेले. दादा, माझा थोरला भाऊ, चारचौघांत म्हणायचा, "रझाकारांचा तळ पडला तवा त्यांच्या पंगतीची बकरी ह्यानंच कापली. सापडू दे, सोडत न्हाय." वडील एकदाच म्हणाले होते, "आपलीबी त्यानंच कापली की रे." दादा त्यावर उठून गेला होता.

नाताळच्या सुट्टीआधी मामींबरोबर सोलापुरात लाकडाच्या वखारीवरून जाताना मला काका दिसले. दाढी काढलेली, लुंगीऐवजी धोतर, डोक्यावर सरपणाची मोळी. मी ओळखलं ते चालीवरून. ते डावा पाय किंचित ओढून टाकतात. त्यांनीही मला बघितलं. मोळी खाली ठेवली आणि नुसती मान हलवली, इकडून तिकडं. बोलू नकोस. मामी दोन पावलं पुढं होत्या. मी नजर वळवली आणि चालू लागले.

गावी आल्यापासून ती हललेली मान मी सोबत बाळगत होते. कुणाला सांगू नको म्हणजे दादाला, की त्यांच्या म्हाताऱ्या बापालासुद्धा? विचारायला मी थांबले नव्हते. खरं सांगायचं तर मला बोलायचंच नव्हतं. घरात मी तशीही बोलत नसे. 'इंग्रजी शिकून मुकी झाली,' असं आई म्हणायची. काकांनी मान हलवली आणि माझ्या गप्प बसण्याला जणू त्यांची परवानगी मिळाली. ती किती सोयीची होती, हे मला रोज थोडंथोडं कळत होतं.

मुलाणी आजा आले ते काठीनं वाट चाचपत. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलेला. आईनं भिंतीच्या कोनाड्यातला त्यांचा वेगळा पेला काढून वरून पाणी ओतलं. त्यांनी ते पिऊन पेला स्वतःच धुतला आणि पालथा ठेवला.

"लई वर्सं सुरी धरली न्हाय, मालक. पोरानं धरल्यापासून सोडली."

"जमंल न्हवं?" वडिलांनी विचारलं.

"हात हलतोय. पन गळ्याला हात लावला की थांबंल बगा."

मी घरात गेले. बिस्मिल्ला ऐकू आला, मग काहीच ऐकू आलं नाही.

"आज तू कर मटण," आई म्हणाली. "सासरी काय इंग्रजीत फोडनी देनार हायस?"

मटण आमच्याकडं परसातच शिजायचं, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भगुन्यात. मी हळद-मीठ लावून ते पाण्यात चढवलं. निखाऱ्यावर खोबऱ्याची वाटी काळी होईतो भाजली, राखेत कांदे पुरले, ते मऊ झाल्यावर साल काढून लसूण, आलं, खसखशीबरोबर पाट्यावर वाटले. आई शेजारी बसून भाकरीचं पीठ मळत होती आणि नुसतं बघत होती. करडईचं तेल तापलं, वाटण पडलं, काळं तिखट पडलं, तसा साऱ्या परसाला वास सुटला. शेवटी रस्सा दाटवायला भाजल्या धान्याचा येसर लावला.

चुलीपासून थोड्या अंतरावर आजा चिंचेखाली बसले होते. मुलाण्याचा वाटा, मानेचं मटण, पळसाच्या पानात बांधून त्यांच्यापुढं ठेवलं होतं. वाटा मिळाला की मुलाणी जातो, पण वडील म्हणाले होते, "जेवून जा." म्हणून ते बसले होते. धूर त्यांच्याकडं जात होता. मी फुंकणीनं जाळ सारखा करत राहिले. त्यांचे डोळे माझ्याकडं होते, पण ते मला बघत नव्हते. मला वाटलं, बघत असते तर बरं झालं असतं; मी काहीतरी लपवतेय हे त्यांना दिसलं असतं आणि त्यांनी विचारलं असतं.

"बेटी," ते म्हणाले, "सोलापुरात आमचे लोक लई आलेत म्हनत्यात. खरं हाय का?"

माझ्या हातातला पळा भगुन्याच्या काठावर आपटला. "असतील," मी म्हणाले.

असतील! तेवढंच.

दाजी आले, हातपाय धुऊन दादाबरोबर परसाकडच्या ओसरीत ताटावर बसले. "मेव्हणीनं केलंय म्हनं. खायच्या आधी थँक्यू म्हनावं लागतंय का?"

"पहिला घास तर खावा," दादा म्हणाला. "मग सॉरी तीच म्हनंल."

सगळे हसले. मीही हसले असेन. दाजींनी भाकरी चुरली, रस्सा ओतून घेतला, आणि मग सगळे नुसते खातच राहिले. मटण चांगलं झाल्याची आमच्याकडं तीच खूण. आईनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. एरवी मला त्या भुवयांचं फार कौतुक वाटलं असतं.

मी आजांचं जेवण घेऊन चिंचेखाली गेले. पानाच्या द्रोणात रस्सा, वर दोन भाकरी. त्यांनी वास घेतला, पण हात लावला नाही. पळसाची पुडी उचलून मांडीवर घेतली आणि ओसरीच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "मालक, एक सांगायचं व्हतं."

"बोला की," वडील म्हणाले.

"आज ह्या मटणाचं सालन करून पोराच्या नावानं फातिहा देतो. लोक म्हनत्यात, म्हाताऱ्या, किती दिस वाट बगशील. मेल्या मानसाला उपाशी ठिवू नगं. माझ्या पदरचं मटण कुटलं? तुमच्या घरी बकरं पडलं, अल्लानंच धाडलं म्हनायचं. सुनंला बांगड्या फोडायला सांगून आलोय."

आईचा हात भाकरीवर थांबला. वडील म्हणाले, "असं नगा बोलू. येईल तो." ते कसे म्हणाले, ते मी विसरले नाही. पाहुण्याला 'परत या' म्हणतात तसे. दादा ताटात बघत होता. हाडातला गर काढता काढता त्याची बोटं थबकली होती.

म्हणजे मी शिजवलेल्या बकऱ्याच्याच मानेवर आज एका जिवंत माणसाचं मेल्याचं जेवण होणार होतं. घरात एक बाई बांगड्या फोडणार होती. आणि मी त्यांच्यापुढं, अंगाला मसाल्याचा वास घेऊन, काका कुठल्या वखारीत मोळ्या वाहतात ते आठवत उभी होते.

आजा काठी टेकून उठू लागले. मी दादाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. पुन्हा एकदा ती मान डोळ्यांसमोर आली, इकडून तिकडं हलणारी. पण बायकोनं बांगड्या फोडाव्यात म्हणून काही त्यांनी ती हलवली नव्हती.

मी आजांच्या हातातली पुडी धरली. तोंड उघडलं तेव्हा आवाज इतका मोठा निघाला की ओसरीतले सगळे वळले.

"फातिहा देऊ नका, आजा. काका जिवंत आहेत, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कुठं, ते तुमच्या घरी येऊन सांगते. इथं सांगणार नाही."