दिरांचं घोरणं

माझ्या थोरल्या दिरांइतका झोपणारा आणि तरी त्यांच्याइतका झोपेला मुकलेला माणूस पुण्यात दुसरा नसेल. मार्केट यार्डात ते तोलणार म्हणून कामाला होते, म्हणजे व्यापाऱ्यांचा माल वजन करून द्यायचा. कांद्याची गोणी काट्यावर चढेपर्यंत यांची मान छातीवर. न्हाव्याच्या खुर्चीत झोपले तेव्हा अर्धी मिशी वाकडी होऊन आली. नणंदेच्या लग्नात अक्षता मुठीत धरून झोपले, आणि पंगतीत जागे होऊन त्या वरणभातावर टाकल्या. कुणी हसलं की म्हणायचे, "तुम्ही जागे राहून काय दिवे लावलेत?" रात्री त्यांचं घोरणं घरभर ऐकू यायचं. मध्येच ते थांबायचं, श्वासच अडायचा, मग शेजारी झोपलेल्या जाऊबाई कोपरानं ढोसायच्या आणि मोठा हुंकार देऊन भाऊजी पुन्हा सुरू. इतक्या वर्षांत जाऊबाईंच्या मनात एकच बसलं होतं, आवाज येतोय म्हणजे माणूस ठीक आहे.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत श्वास अडतो, त्याचा ताण हृदयावर येतो, रक्तदाबही त्यामुळेच वाढलाय; रोज हवेचं मशीन लावून झोपा. नाकावर मास्क आणि त्याला लांब नळी. भाऊजी आरशात बघून म्हणाले, "यंदा मूर्ती आणू नका. मलाच बसवा मखरात."

पण मशीन लावलं की घोरणं बंद. घर इतकं गप्प व्हायचं की जाऊबाई दचकून उठायच्या आणि त्यांना गदागदा हलवायच्या, "अहो, आहात ना?" काही दिवसांनी भाऊजी गुपचूप मास्क काढून उशाशी ठेवायला लागले. घोरणं परत सुरू झालं, जाऊबाई गाढ झोपल्या. आम्हालाही बरंच वाटलं.

मग एका सकाळी यार्डातच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात डॉक्टर रागावले, "मशीन का नाही लावलंत?" भाऊजी ओशाळून म्हणाले, "हिला झोप लागत नव्हती हो." जाऊबाई तिथेच उभ्या होत्या.

आता हृदय अशक्त झालंय, गेलेली ताकद परत यायची नाही म्हणतात. जिना चढणं बंद, यार्ड बंद, बोलणंही कमीच. दुपारीसुद्धा भाऊजी शहाण्यासारखे मास्क लावून आडवे होतात, आणि जाऊबाई त्यांच्या छातीवर हात ठेवून बसून राहतात. काल मी म्हटलं, "ताई, मी बसते. तुम्ही जरा पडा."

हात न उचलता त्या म्हणाल्या, "ते उठले की पडते."