गाडीखाली जावई

सतरा वर्षं मी शाळेत इंजिन शिकवत आलो आहे. फळ्यावर सिलिंडर काढायचा, त्यात पिस्टन, निळ्या खडूनं आत येणारी हवा आणि तांबड्या खडूनं बाहेर जाणारा धूर. मुलांना पाठ, मलाही पाठ. पण माझ्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट कुठली कळ ओढली की उघडतं, हे मला परवा-परवापर्यंत माहीत नव्हतं. गाडी तेरा वर्षांची, तीही सेकंडहँड. गॅरेजला नेली की मेकॅनिक आत डोकावून गंभीर चेहरा करायचा आणि म्हणायचा, "सर, काम निघालंय." मी नंदीबैलासारखी मान हलवायचो. कसलं काम, हे विचारायची लाज वाटायची. विज्ञानाच्या मास्तरानं असलं विचारायचं म्हणजे काय!

आणि हे सगळं काखेत कळसा असताना. माझे सासरे सोलापूरजवळच्या मंद्रूपचे. विजापूर रोडला त्यांचं चाळीस वर्षं गॅरेज होतं. गुडघ्यांनी दगा दिला तसं दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केलं. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज मोहोळपासून अक्कलकोटपर्यंत स्वतःची गॅरेजं चालवतात, आणि त्यातल्या प्रत्येकानं त्यांच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. बायको सांगते, तिच्या लहानपणी गॅरेजातला आप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, आवाज मागच्या घरात ऐकू यायचा. तो आला नाही तर आई काळजीत पडायची. गॅरेज बंद झाल्यापासून मात्र ते ओसरीत बसून पेपर वाचायचे आणि पाणी हवं असलं तरी हातानंच खूण करायचे. सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. "माणूस गप झालं की घर खायला उठतंय बगा," असं मामी एकदा माझ्यापाशी बोलल्या होत्या.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयांची चंगळ. लेकीला-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, ऐपतीप्रमाणं काही चांदीचं-सोन्याचं द्यायचं. मामांचा सोलापूरला आमच्या घरी फोन आला.

"पाव्हणं, औंदा अंगठी करावी म्हणतोय. बोटाचं माप द्या."

"मामा, अंगठी नको. मला इंजिन शिकवा."

पलीकडं मामांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतल्याचं ऐकू आलं.

"आवं, जावयाला कुणी त्यालात हात घालाय लावतंय व्हय?"

"धोंड्याला जावयानं मागितलं ते द्यायचं असतं."

"बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पण मामींनी नंतर सांगितलं, त्या दुपारी त्यांनी माळ्यावरची पान्यांची पेटी खाली काढायला लावली आणि दिवस मावळेपर्यंत एकेक पाना रॉकेलनं पुसत बसले.

पहिल्या रविवारी मी जुनी पँट आणि फाटका शर्ट घालून मंद्रूपला पोचलो. मामींनी दारातच कपाळावर हात मारला. जावई असल्या अवतारात गाडीखाली झोपलेला गल्लीनं बघितला तर काय म्हणेल! त्यांनी आतून इस्त्रीचा सदरा आणून दिला. मी नको म्हणालो, तर निदान खाली अंथरायला सतरंजी आणली. सतरंजीच्या मागोमाग उशी आली. अंगणातल्या शहाबादी फरशीवर सतरंजी, सतरंजीवर उशी, उशीवर माझं डोकं आणि डोक्यावर इंजिन, असा माझा अभ्यास सुरू झाला.

मामा बॉनेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. गुडघे वाकत नव्हते, त्यामुळं खाली बघायचं काम माझं आणि सांगायचं काम त्यांचं. पण सांगणार काय? मी जावई. मी पाना उलटा फिरवला की ते म्हणायचे, "बराबर हाय तुमचं. बोल्टच जरा शिरजोर हाय." मी एअर फिल्टर उलटा बसवला, तर म्हणाले, "दोन्हीकडनं सारकाच दिसतंय की, कुणाचंबी चुकंल." एकदा मी काच धुवायचं पाणी थेट इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत ओतायला निघालो. मामांनी डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "पाव्हणं, आदी च्या घिऊ या का?" मी चहा पीत होतो तेवढ्यात त्यांनी गुपचूप कॅन खुर्चीमागं सरकवला.

एकदा मी सरळच म्हणालो, "मामा, चुकलं तर बोला की. गॅरेजातल्या पोरांना बोलायचा तसं बोला."

त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "जावई म्हंजी इष्णूचा अवतार. त्यातनं म्हयना धोंड्याचा. देवाला कुणी शिवी देतंय व्हय?"

मजा येत होती, हे कबूल केलं पाहिजे. फळ्यावर सतरा वर्षं काढलेला स्पार्क प्लग पहिल्यांदा हातात आला, तेव्हा तो एवढासा असेल असं वाटलं नव्हतं. ऑइलची पट्टी ओढायची, पुसायची, परत घालायची, परत ओढायची आणि दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं की उगाचच छाती फुगवायची. सोमवारी वर्गात खडू उचलताना नखांतला काळेपणा मी मुद्दाम धुवत नव्हतो. पण मी पेशानं मास्तर आहे. ज्याला कुणी चूक म्हणत नाही तो पोरगा शिकत नाही, हे मला कळतं. मामा माझ्या हातून पाना घ्यायचे, बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढं स्वतः करायचे आणि मला वर शाबासकी द्यायचे. असं चाललं तर मी जन्मभर उशीवर झोपूनच राहणार होतो. आणि मामाही तसेच राहणार होते, गोड-गोड बोलत, आतल्या आत गप.

धोंड्याचा महिना संपला तरी रविवार चालूच राहिले. एका रविवारी ऑइल बदलायचं ठरलं. सगळं नीट झालं. गाडीची पुढची चाकं रॅम्पवर चढवली, इंजिन जरासं गरम केलं, खालचा बोल्ट काढला. काळंकुट्ट तेल घमेल्यात उतरलं. मग डब्यासारखा दिसणारा ऑइल फिल्टर फिरवून काढला. त्याच्या तोंडाशी रबराची एक गोल चकती असते. जुना फिल्टर काढताना कधीकधी ती इंजिनालाच चिकटून राहते. ती तशीच राहिली आणि तिच्यावर नव्या फिल्टरची चकती बसली, तर दोन रबरांच्या फटीतून तेल बाहेर येतं. हे मामांनी मला सकाळीच सांगितलं होतं.

"पाव्हणं, जुनं रबर निघालं न्हवं?" त्यांनी वरून विचारलं.

माझे हात तेलानं बरबटलेले, मान अवघडलेली आणि जुना फिल्टर आधीच घमेल्यात बुडालेला. मी बघितलं नव्हतं.

"निघालं की मामा," मी म्हणालो.

सांगायला लाज वाटते, पण असंच झालं. वर्गात माझी पोरं गृहपाठाबद्दल ज्या सुरात 'केलाय सर' म्हणतात, त्याच सुरात मी ते म्हणालो होतो. मामांचा हात घमेल्याकडं गेलेला मला चाकाच्या फटीतून दिसला. गॅरेजात त्यांनी कधी कुणाच्या 'हो'वर भरवसा ठेवला नव्हता. जुना फिल्टर स्वतः उलटा करून बघितल्याशिवाय नवा बसवू देत नसत. पण जावयाचा शब्द तपासायचा कसा? हात मागं गेला. मी नवा फिल्टर बसवला, बोल्ट आवळला, वरून नवं तेल ओतलं आणि ऐटीत गाडीत बसून किल्ली फिरवली.

इंजिनखालून तेलाची चिळकांडी उडाली. मधाच्या रंगाचं नवंकोरं तेल मामींनी सकाळी घासलेल्या फरशीवर पसरायला लागलं, आणि मी स्टिअरिंग धरून नुसता बघत बसलो.

"बंद कर!" मामा खुर्चीतून उठून बॉनेटवर थापा मारत होते. त्या गुडघ्यांनी ते कसे उठले देव जाणे. "आरं बंद कर की गाढवा! इंजान जाम व्हईल! तोंडानं व्हय म्हणतोस आन् बोट घालून बगत न्हाईस? मास्तर हाईस का कोण हाईस?"

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. मला राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, फार बरं वाटलं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर मला गाढव म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात मामी दारात आल्या. "आवं, त्वांड हाय का काय हाय? जावई हाय त्यो!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी कोण आहे हे त्यांना तेव्हा आठवलं. चेहरा एकदम उतरला. भिंतीचा आधार घेत ते आत निघून गेले.

मी पायरीवर बसलो. बायको त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती; तिनं बाहेर येऊन सगळं ऐकलं आणि आधी पोट धरून हसली. मग हसू आवरून म्हणाली, "संपलं तुमचं शिक्षण. आप्पा आता पान्याला हात लावायचे नाहीत. मला माहितीये ते." आतून मामींचा आवाज येत होता. मामांचा नव्हता.

अर्ध्या तासानं ते आले. धोतर बदललेलं, डोक्याला टोपी, हातात ताट. ताटात गंध, नारळ आणि घडीचा नवा सोलापुरी टॉवेल. बाहेर येऊन त्यांनी मला खुर्चीत बसवलं, कपाळाला गंध लावलं आणि टॉवेल-नारळ हातात दिला.

"पाव्हणं, जीभ घसरली. पोटात घाला. मोहोळच्या आपल्या गॅरेजवाल्याला फोन केलाय, त्यो यिऊन करून जाईल. लई चांगला हात हाय त्याचा. तुमी आता ह्या भानगडीत पडू नगा, आन् मीबी पडत न्हाय."

मला त्या तेलापेक्षा या टॉवेलचीच जास्त भीती वाटली. आहेर परत करता येत नाही, तो अपमान. आणि घेतला, तर प्रकरण मिटलं. मी सोलापूरला जाऊन गॅरेजात पुन्हा मान हलवणार आणि हा माणूस ओसरीत पेपर उघडून बसणार. 'मामा, मला राग आला नाही' असं मी दोनदा म्हणून बघितलं. "तुमचा मोठेपणा," एवढंच म्हणून ते खाली बघत राहिले. शब्दांनी काही होणार नव्हतं.

पण सतरा वर्षांच्या मास्तरकीत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. डोळ्यांसमोर कुणी धडधडीत चुकत असेल, तर खरा शिकवणारा गप्प बसूच शकत नाही. मी वाकून मामांच्या पाया पडलो. नारळ खुर्चीत ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गाडीखाली सरकलो. सतरंजी तेलानं भिजली होती, ती बाजूला केली. मग तो पांढराशुभ्र टॉवेल घडीतून मोकळा केला आणि त्यानं फरशीवरचं तेल पुसायला लागलो.

बाहेर मामांची पावलं तिथंच थांबलेली दिसत होती. मी आणखी जोरात पुसलं. टॉवेलचा निम्मा भाग पिवळाजर्द झाला. पावलं एकदा वळली, परत आली.

"आरं ए!" अंगण दणाणलं. "नव्या टॉवेलानं त्याल पुसतोस व्हय? अक्कल हाय का न्हाय? तितं पोत्याची चिंधी पडलीय ती दिसंना व्हय तुला?"

दारात मामी आल्या. मी हात थांबवून गाडीखालीच पडून राहिलो. मामांची पावलं त्यांच्याकडं वळली, मग माझ्या पायांकडं वळली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नारळ मामींच्या हातात गेला असावा, कारण पाठोपाठ मामा त्यांना म्हणाले, "तू च्या टाक. त्या मोहोळवाल्याला फोन कर, यिऊ नगो म्हणावं. ह्यो अजून कच्चा हाय." आणि खुर्चीत बसता बसता खाली ओरडले, "फिल्टर काढ. काढलास? आता वर बोट घाल. गोल फिरव. काय लागतंय?"

"रबर लागतंय, मामा."

"दाव."

मी ती काळी चकती नखानं सोडवून काढली आणि गाडीखालून हात बाहेर करून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून ती दोन्ही बाजूंनी बघितली.

"हां. आता परत बोट घाल," ते म्हणाले, "तुजं काय खरं न्हाय."