काय कापून राहिले?

बातमी ग्रुपवरच आली. सकाळी कुणीतरी उघड्या कार्ब्युरेटरचा फोटो टाकून "पडदा फाटला का हा?" असं विचारलं होतं, आणि त्याखाली युसुफभाईंच्या नंबरवरून मेसेज आला. उत्तर असेल म्हणून उघडला. "मी नसीम, त्यांची मुलगी. अब्बा पहाटे गेले. हार्टचं झालं." मी तेव्हा अंजनगावच्या बाजारात फवारणीचं सामान घेत उभी होते. यादीतलं अर्धं सामान दुकानदाराच्या टेबलावरच राहिलं, आणि मी स्टँडवर जाऊन दर्यापूरची गाडी धरली, तिथून पुढे मूर्तिजापूरची. यादी अर्धी सोडायची मला सवय नाही... त्या दिवशी मी घरी येईपर्यंत ती आठवलीही नाही.

मूर्तिजापूरला स्टेशनच्या रस्त्यावर युसुफभाईंचं स्पेअर पार्टचं छोटं दुकान होतं. फवारणी पंप, गवत कापायची मशीन आणि चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची करवत. 'बिमार मशीन' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांनीच काढलेला. अकोला, अमरावती, वाशिमकडचे लोक त्यावर बिघडलेल्या मशीनचा आवाज रेकॉर्ड करून टाकायचे आणि सगळे मिळून दुखणं शोधायचे. युसुफभाई स्वतः परदेशातल्या लाकूडतोड्यांचे व्हिडिओ पाहून बरंच शिकले होते. "गोरा काय बोलते ते समजत नाई, पण त्याची मशीन आपल्यासारखीच खोकलते," म्हणायचे. त्यांचे अंदाज चुकायचेही, आणि चुकले की ग्रुपवर त्यांची यथेच्छ टिंगल व्हायची. आपल्याकडे मशीन जास्त टिकावी म्हणून लोक मायेनं पेट्रोलमध्ये जास्तीचं ऑइल ओततात आणि सायलेन्सर काजळीनं भरून बसतो. अशा माणसाला ते लिहायचे, "भाऊ, झुणक्यावर टाकतो तसं तेल मशीनमंदी नका टाकू." मात्र कुणीही काहीही विचारलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "काय कापून राहिले?" मला वाटायचं, लाकूड कठीण की मऊ हे समजायला विचारत असतील.

मी ग्रुपवर आले ते बाग तोडायला निघाले होते म्हणून. सासऱ्यांनी लावलेली संत्र्याची बाग, अंजनगावजवळ. लागोपाठ पाऊस कमी झाला होता, बोअर आटली होती, टँकरचं पाणी झाडांना पुरत नव्हतं. आजूबाजूच्या बागा एकेक करून जळाऊ लाकूड म्हणून ट्रकमध्ये चढत होत्या. आमचे हे अकोल्याला नोकरीवर. ते म्हणाले, तू पाहतेस, तूच ठरव. मी ठरवलं. बाग तोडायची, सोयाबीन आणि तूर घ्यायची. कामं क्रमानं लिहून काढली, जुनी चेनसॉ विकत घेतली, लाकडाच्या व्यापाऱ्याला शनिवार दिला. आणि मशीन चालेना. सुरू व्हायची, थोडा वेळ छान चालायची, मग धापा टाकत बंद पडायची. जरा थांबून, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं की पुन्हा सुरू. तो सगळा आवाज रेकॉर्ड करून मी ग्रुपवर टाकला.

"काय कापून राहिले, ताई?"

"संत्रा. सगळी बाग."

"हिरवी हाय का?"

"अर्धीअधिक वाळली. शनिवारी ट्रक येणार आहे. लवकर सांगा."

"सांगतो ना. आधी एअर फिल्टर काढा, धुवा, सुकवा. फोटो पाठवा. मागं झाड दिसू द्या, उजेड बरा येते."

फिल्टर खरोखर घाण होतं. धुतलं, फोटो पाठवला, फरक नाही. दुसऱ्या दिवशी प्लग. तोही काळा निघाला. मग जुनं पेट्रोल काढून ताजं मिश्रण, मग सायलेन्सरची जाळी. एका दिवशी एकच काम सांगायचे आणि प्रत्येक फोटो झाडाजवळ काढायला लावायचे. मी वैतागले. "युसुफभाई, सगळी कामं एकदम लिहून द्या, मी टिक करत जाते." तर म्हणाले, "यादीवाल्या ताई, एकदम केलं तर दुखणं कोणतं होतं ते कसं समजंल?" मुद्दा बिनतोड होता.

शनिवारी ट्रक आला. कापलेलं काहीच नव्हतं. व्यापारी कुरकुरत शेजारच्या शिवारात गेला. त्याच संध्याकाळी मी पाठवलेल्या जाळीच्या फोटोवर युसुफभाईंचा मेसेज आला. जाळीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. "मागच्या झाडाच्या बुंध्याले नवी फूट दिसून राहिली, ताई. नखानं साल खरडून पाहा बरं. आतून हिरवी हाय का?" मी खरडली. हिरवी होती. शेजारच्या झाडाची खरडली, तीही. मग काय, मी यादी करणारी बाई... पुढचे दोन दिवस ओळीनं सगळी बाग खरडत फिरले आणि जिवंत झाडांना चुन्याचा पट्टा ओढला. पट्टे बरेच झाले. एवढ्या झाडांना टँकरचं पाणी कसंबसं पुरलं असतं. तसं ग्रुपवर लिहिलं, तेव्हा त्यांचा फोन आला.

"आता टाकीचं झाकण ढिलं करून मशीन चालवा."

चालली. बंद पडेना. झाकणातलं हवा आत घ्यायचं बारीक भोक कचऱ्यानं बुजलं होतं. त्यामुळे पेट्रोल ओढलं जात नव्हतं. भोक साफ केलं आणि मी फक्त वाळलेली झाडं कापली.

पुढे पावसाळ्यात रस्त्यावर आडवी पडलेली बाभूळ कापताना एकाची मशीन बंद पडली. त्यानं आवाज टाकला. तोच आवाज, तीच धाप. युसुफभाईंनी विचारलं, काय कापून राहिले, आणि बाभूळ म्हटल्याबरोबर लिहिलं, "झाकण ढिलं करा." बास. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फोन लावला.

"मले कावून नाचवलं मंग आठवडाभर?"

ते हसले. "खोटं एक तरी बोललो का? फिल्टर घाण होतं का नाई? प्लग काळा होता का नाई? समदं करणंच होतं. मी फक्त झाकण शेवटी ठेवलं."

"अन् मी दुसरी मशीन आणली असती तर?"

"तर आणली असती. बाग तुमची हाय, मी कोण अडवणार?" मग म्हणाले, "आमचे अब्बा संत्र्याच्या बागांचा बहार झाडावरच विकत घेत होते. माझं लहानपण रखवालीच्या झोपडीत गेलं, ताई. फुलं आली की वासानं झोप लागे... त्याच बागा कापाले आता मीच मशीन सुदरून देतो."

मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. मागितलेलं उत्तर माहीत असून दाबून ठेवणं मला पटत नाही. मोर्शीकडच्या एकालाही त्यांनी असंच लांबवलं होतं; त्याला हे कळलं तेव्हा तो ग्रुपवर वाटेल ते बोलून निघून गेला. त्यानं भाड्यानं मशीन आणून बाग तोडली. युसुफभाईंनी त्याला उलट शब्द लिहिला नाही. आमची उरलेली झाडं मात्र आज उभी आहेत, आणि ती कुणामुळे हे मला माहीत आहे. दरवर्षी संत्र्याची पहिली टोपली मूर्तिजापूरला जायची. यंदा ती मी नसीमच्या हातात दिली. तिनं टोपली दुकानात, त्यांच्या स्टुलावर ठेवली.

ग्रुप आता कोण पाहील, असं तिनं युसुफभाई गेले त्या दिवशीच विचारलं होतं. मी पाहीन म्हणाले. मला शिस्त आवडते. आता आलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर जातं, एकही प्रश्न पडून राहत नाही.

गेल्या आठवड्यात चांदूरबाजारकडच्या एकाचा मेसेज आला. "मशीन थोडा वेळ चालते अन् बंद पडते. परवा बाग तोडाची हाय. अर्जंट सांगा." सोबत आवाज होता. मी तो एकदाच ऐकला. मी लिहिलं, "टाकीचं झाकण". पुढचा शब्द लिहिण्याआधी थांबले... आणि पुसून टाकलं.

"काय कापून राहिले, भाऊ? हिरवी हाय का?"

"थोडी हाय."

"आधी एअर फिल्टर काढा. धुवा, सुकवा. फोटो पाठवा. मागं झाड दिसू द्या."