सायरन वाजला नव्हता

हन्ना ओहोळ पुणतांब्याजवळच्या दूध प्रकल्पात जनसंपर्क अधिकारी म्हणून लागली, तेव्हा हे पद म्हणजे नेमकं काय, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे वडील योसेफ गुरुजी मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते विचारणाऱ्याला सांगायचे, पोरगी पेपरवाल्यांशी बोलायचं काम करते. त्यावर विचारणारा आणखीच बुचकळ्यात पडायचा. बोलायला वेगळं माणूस कशाला लागतं?

हन्ना पुण्याच्या एका जाहिरात कंपनीत चार वर्षं काढून आली होती. तिथल्या सवयीनं तिनं पहिल्याच महिन्यात नऊ प्रेसनोट काढल्या. अध्यक्ष आबासाहेबांच्या शुभहस्ते उद्घाटन, आबासाहेबांच्या दूरदृष्टीमुळे विस्तार, असा सगळा मजकूर. जिल्ह्यातल्या साठेक पत्रकारांना एकदम पाठवायची आणि मग एकेकाला फोन लावायची. मिळाली का, कधी लागेल, पहिल्या पानावर जमेल का? नवांपैकी एक नोट छापून आली, तीही दोन ओळींची, आणि त्यात आबासाहेबांचं आडनाव चुकलेलं.

ती तावातावानं राहात्याला सहादेव गाडेकरांकडे गेली. सहादेव वीस-बावीस वर्षं एका दैनिकाचे तालुका बातमीदार. पोटासाठी झेरॉक्सचं दुकान, आणि दुकानातच बातमीदारी. ती पोहोचली तेव्हा साडेचार वाजले होते आणि ते कानाला फोन लावून कीबोर्डवर झुकलेले. त्यांनी हातानंच स्टुलाकडे बोट दाखवलं. ती पाऊण तास बसली. हातातलं काम संपल्यावर त्यांनी तिची तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि स्वतःचा मोबाईल तिच्यापुढे धरला. न उघडलेले दीडशे निरोप होते.

"ह्यातली तुमचीच नोट काढा आन् मोठ्यानं वाचा," ते म्हणाले.

ती वाचू लागली. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज आपोआप बारीक झाला.

"आता सांगा, धारा काढून दमलेल्या बाईनं हे का वाचावं?"

तिनं मोबाईल परत केला. पण हन्ना हिरमुसून बसणारी नव्हती. पुढचा आठवडाभर ती वेळ मिळेल तशी त्या दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसली. सकाळी दहाला कार्यालयातून विषयांची यादी मागतात, तीननंतर सहापर्यंत माणसाला श्वास घ्यायला उसंत नसते, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यासारख्यांचे फोन येतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. फोटोतल्या माणसांची नावं न कळल्यामुळे चांगले फोटो वाया जाताना पाहिले. तेव्हापासून तिच्या नोटा महिन्याला एक-दोनवर आल्या. दुधाची फॅट उन्हाळ्यात का उतरते, हे ती शेतीचं पान करणाऱ्याला कळवायची. टँकर चालवणाऱ्या ज्योतीची गोष्ट तिनं महिलांची पुरवणी करणाऱ्या बाईंनाच सांगितली, दुसऱ्या कुणाला नाही. आणि माहीत नसलेलं विचारलं, तर थाप न मारता "मला ठाऊक नाही, तीनच्या आत सांगते" म्हणायची. आणि सांगायची.

असं दीड वर्ष गेलं. मग गेल्या ऑगस्टातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला शीतगृहातल्या पाइपाचा व्हॉल्व्ह सटकला आणि अमोनिया वायू सुटला. डोळ्यांची आग, नाकाला झिणझिण्या. आत चौदा माणसं होती. ओल्या फडक्यानं तोंड बांधून, एकमेकांना हाका मारत ती बाहेर पडली. तिघांना श्वास घेता येईना, त्यांना गाडीत घालून श्रीरामपूरच्या दवाखान्यात पाठवलं.

वीस मिनिटांत मोबाईलवर निरोप फिरू लागला की दूध प्रकल्पात स्फोट झाला, पाच ठार. सोबत कुठल्यातरी परक्या कारखान्याच्या आगीचा फोटो. फाटकाबाहेर घरची माणसं जमली. व्यवस्थापकांनी फाटक लावून घेतलं. आबासाहेब नगरहून निघाले होते. त्यांचा फोनवर हुकूम आला की कुणाशी काही बोलायचं नाही, फक्त चौकशी चालू आहे म्हणायचं.

तेवढ्यात सहादेवांचा फोन आला. हन्नानं तो दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला.

"मेलेलं कुणी नाही," ती म्हणाली. "तिघं दवाखान्यात आहेत. एवढं नक्की ठाऊक आहे. बाकीचं मोजून अर्ध्या तासात सांगते."

हुकूम मोडला होता. आता मागे वळण्यात अर्थ नव्हता. तिनं हजेरीबुक घेतलं, अंगणात उभ्या असलेल्या माणसांची नावं घेऊन एकेकावर खूण केली. अकरा इथं, तीन तिथं. मग ती फाटकाशी गेली आणि बाहेरच्यांना ती अकरा नावं वाचून दाखवली. प्रत्येक नावासरशी गर्दीतलं एखादं माणूस खाली बसायचं किंवा डोळ्याला पदर लावायचं. छबूबाई तेवढी तशीच गज धरून उभी. तिचा मुलगा बजरंग त्या अकरांत नव्हता. हन्नानं तिला बाजूला घेतलं, तिघांना घेऊन दवाखान्यात गेलेल्या सुपरवायझरला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर नाकाला नळी लावलेला बजरंग दिसला. त्यानं हात हलवला.

छबूबाई कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली. "डोळं लाल झाल्यात," एवढंच ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

उरलेल्या दोघांच्या घरीही कळवून झाल्यावर हन्नानं सगळ्या पत्रकारांना एकच छोटा निरोप पाठवला. किती वाजता काय झालं, किती माणसं होती, तो फोटो आपला नाही, आणि एक वाजता अभियंता फाटकाशी येऊन प्रश्नांची उत्तरं देतील. मोठेपणाचा एक शब्द त्यात नव्हता.

एक वाजता सात-आठ पत्रकार आले. अभियंत्यानं व्हॉल्व्हचं नीट समजावून सांगितलं. सगळं सुरळीत चाललं होतं, तोच सहादेवांनी वहीतून मान वर केली.

"सायरन वाजला का?"

अभियंत्यानं हन्नाकडे पाहिलं. आबासाहेब नुकतेच येऊन तिच्या पाठीशी उभे राहिले होते. कामगारांनी सकाळीच तिला सांगितलं होतं.

"नाही वाजला," ती म्हणाली. "माणसांनी ओरडून एकमेकांना बाहेर काढलं. का वाजला नाही, ते अजून कळलेलं नाही. कळलं की आजच सांगते."

आबासाहेब आत गेले. पत्रकार पांगल्यावर त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि तुम्ही आमच्याकडे कामाला आहात की सहादेवकडे, असं विचारलं. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

हन्ना म्हणाली, "आबासाहेब, चौदा माणसांना ते माहीत आहे. संध्याकाळपर्यंत गावाला कळेल. आपण सांगितलं म्हणून ती बातमीतली एक ओळ होईल. लपवलं असतं, तर तीच बातमी झाली असती."

त्यांनी उद्याचा पेपर बघू आणि मग तुमचं बघू, असं सांगून तिला पाठवलं. साडेचारला वायरमननं दोष शोधून काढला. आठवड्यापूर्वी रंगकाम करताना सायरनची तार तुटली होती, ती जोडायचं राहून गेलं होतं. पेपरची पानं लागायच्या आत तिनं सगळ्यांना तीन वाक्यांत ते कळवलं.

सकाळी योसेफ गुरुजी स्टँडवरून पेपर घेऊन आले, तेव्हा ती चुलीपाशी उभी होती. चहा उतू गेलेला तिला कळलंही नव्हतं. गुरुजींनी चष्मा लावून वर्गात वाचावं तसं वाचलं. मथळा होता, अमोनियाच्या गळतीनंतर तिघांवर उपचार, सर्व कामगार सुखरूप. खाली स्फोटाची अफवा खोटी असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. चौथ्या परिच्छेदात सायरनचं होतं. तार तुटलेली राहिली आणि व्यवस्थापनानं ती चूक मान्य केली, एवढंच. कौतुक कुठंच नव्हतं, पण एक अक्षरही खोटं नव्हतं. हन्नानं पेपर घेऊन ते पुन्हा वाचलं आणि तिथंच पाटावर बसली. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटत होतं.

आठ वाजता आबासाहेबांचा फोन आला. सोनईहून त्यांच्या मेव्हण्यानं विचारलं होतं म्हणे, की एवढं होऊनही आज सकाळी दूध घालणारा एकही माणूस तुटला नाही तो कसा? ते थोडे घुटमळले. मग सायरन दुरुस्त झालाय, त्याचा कार्यक्रम करून पत्रकारांना बोलवूया का, असं विचारलं.

"कार्यक्रम नको," हन्ना म्हणाली. "दर सोमवारी वाजवून बघू. गावाला ऐकू जाईल."

"बरं," आबासाहेब म्हणाले. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, तिनंही काढला नाही.

गुरुवारी दोघांना घरी सोडलं, शनिवारी बजरंगलाही. छबूबाईनं त्याला घेऊन प्रकल्पाच्या फाटकापर्यंत येऊन सगळ्यांना दाखवलं. रविवारी हन्ना चर्चहून आली, जेवली आणि अंमळ आडवी झाली. उठली तेव्हा ऊन अंगणातून पार उतरलं होतं, आणि मंगळवारपासून सारख्या वाजणाऱ्या मोबाईलवर एकही फोन आलेला नव्हता.