धोंड्याचा महिना

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मी आधी त्याचा बीपी तपासते! चारठाण्याजवळच्या एका खेड्यात मी बारा वर्षांपासून आशाताई आहे, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी हे लिहायलेय...

आमच्या गावात सरूमावशी नावाची जुनी सुईण होती, कायम हिरव्या लुगड्यात अन् दातांना मशेरी. माझी हाडवैरीण! "पोरी घरीच बाळंत होत्यात, तू कशाला त्यान्ला गाडीत कोंबतीस?" म्हणून भांडायची, आणि भांडण झालं की चहा पाजायची. तीन वर्षांपूर्वी ती वारली. मी लय रडले.

मागं दिवाळी झाली, ऊसतोडीला न्यायला ट्रक आले. सकाळी अकराला मी अंगणात ज्वारी निवडत होते. मागून अगदी सरूमावशीचा आवाज — "धोंड्याचा महिना धरलास का गं, शहाणे?" तिच्या मशेरीचा वाससुद्धा आला. वळून पाहिलं... कुणीच न्हाई.

धोंड्याचा म्हणजे अधिक महिना. त्या साली आला होता. मी हातातलं सूप तसंच खाली टाकलं. गावातल्या कांताबाईंची गरोदर धाकटी सून, मनीषा! सासूनं "फाल्गुन, चैत..." करत बोटांवर महिने मोजले आणि मी मठ्ठ, तेच वहीत उतरवलं. बाईनं जावयाला धोंडे खाऊ घातले अन् मोजताना नेमका तोच महिना विसरली! म्हणजे मनीषाचा आठवा नव्हता, नववा भरला होता. आणि ती आज ट्रकात बसणार होती. आदल्या हंगामात त्यांच्या थोरल्या सुनेचं बाळ असंच वाटेत गेलं होतं.

मी अनवाणीच पळाले. ट्रक सुरू होता, पण मनीषा खाली गठुड्यावर बसून, आणि सासू तिच्यावर ओरडायलेली.

"ताई, ती म्हातारी म्हणली, आशा येईस्तोवर चढू नको."

"कोणती म्हातारी?"

"हिरव्या लुगड्यातली... मशेरी लावायलती."

मनीषा माहेरची सेलूची. ती लग्न होऊन आली तेव्हा सरूमावशीला जाऊन वर्ष झालं होतं. कांताबाईंनीच ट्रकवाल्याला पुढं जायला सांगितलं.

दवाखान्यात पोचलो तर बीपी भलतंच वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, वाटेत असती तर दोघीही गेल्या असत्या. दुपारी चारला पोरगी झाली, पावणेतीन किलो, आणि आवाज असा की अख्खा वॉर्ड गोळा झाला!

आता गरोदर बाईचं नाव नोंदवताना मी पहिल्यांदा धोंडाच विचारते. तो आवाज कुठून आला, मनीषाला कोण दिसलं, मला आजही सांगता येत नाही. पण जिंदगीभर दवाखान्याला शिव्या देणाऱ्या बाईनं शेवटी पोरीला दवाखान्यातच धाडलं ना! परवा तिच्या बंद दारासमोर उभी राहून मी म्हणाले, "मावशे, भांडण मी जिंकले. आता चहा कुठाय?"