आईनं पाठवलेलं चूर्ण

"लिम्फोमा है," डॉक्टर रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले. लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. नव्वदीच्या दशकाची अखेर होती. मी शारजातल्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवायचे. मानेवरच्या गाठीकडे दोन महिने काणाडोळा केला होता, हा मूर्खपणा माझाच.

केमोपेक्षा उलट्यांनी जीव नकोसा केला. ओन्डान्सेट्रॉन, म्हणजे उलट्या थांबवायचं इंजेक्शन, मला पुरेना. पेजेचा घोटही टिकेना. मुलगी चमचा घेऊन बसायची. "ममा, जस्ट वन बाइट." तिच्यावर खेकसायचे आणि मग रडायचे.

तिसऱ्या केमोनंतर डॉक्टरांनी वजन पाहिलं. "और गिरा तो चौथा डोस रोकना पड़ेगा." म्हणजे गाठींना मोकळं रान. मग ते हळू आवाजात म्हणाले, "अमेरिका में ड्रोनॅबिनॉल कॅप्सूल है. यहाँ मैं लिख भी नहीं सकता. खलास."

ड्रोनॅबिनॉल म्हणजे कारखान्यात बनवलेलं टीएचसी. भांगेच्या झाडात एकमेकांसारखी डझनावारी रसायनं असतात. त्यातलं नशा आणणारं मुख्य रसायन टीएचसी, आणि तेच मळमळही दाबतं. कॅप्सूलमध्ये ते मिलिग्रॅममध्ये मोजलेलं असतं. पण इथला कायदा झाड, पान, रसायन सगळं एकाच पोत्यात भरत होता.

त्याच आठवड्यात गणपत सुट्टीवरून परतला. हा आईच्या गावचा, दुबईतल्या अल क्वोजमध्ये वेल्डर. गावाहून कुणीही निघालं की मेतकूट, फेण्या, लोणचं त्याच्या बॅगेत कोंबायचं, ही आमची रीत. या वेळी सोबत गावच्या वैद्यांनी उलट्यांवर दिलेल्या चूर्णाची बाटली होती. लेबलावर स्वच्छ लिहिलेलं : सुंठ, जिरं, शुद्ध भांग.

मी आधी दार लावून घेतलं.

"गणपत, हे पकडलं असतं तर तू तुरुंगात गेला असतास."

"ताई, आईंनी दिलं, मी कशाला वाचू? औषधच ना?"

औषधच होतं. पण एका चमच्यात टीएचसी किती, हे वैद्यांनाही ठाऊक नसणार. मोजलेलं होतं ते मिळत नव्हतं, मिळालेलं मोजलेलं नव्हतं, आणि माझ्या घरात दोन्ही गुन्हाच. बाटली संडासात रिकामी केली आणि तिथेच बसून ओकले. इतका संताप मला कॅन्सरचाही आला नव्हता.

चौथी केमो लांबली. सलाइनवर, रडतखडत सगळे डोस पुरे झाले. गाठी गेल्या. डॉक्टरांचे आणि नर्सेसचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर गावाकडच्या माणसांना आधी फोन करा आणि काय पाठवायचं नाही ते नीट सांगा. मी सांगितलं नव्हतं.

आईला मात्र, चूर्ण लागू पडलं, असंच सांगितलं होतं. एके दिवशी ती फोनवर खुशीत म्हणाली, "गणपतचा भाऊ येतोय, त्याच्याकडे आणखी दोन बाटल्या देते." मग खरं सांगावंच लागलं.

"मग एवढ्या उलट्या तू कशाच्या जोरावर सोसल्यास गं?"

"चिडून, आई."