बोललेला पण

आमच्या बाबांना शब्दांची कुळी सांगायची भारी हौस. ऑफिसात ते साधे कारकून, घरात मात्र कायम प्राध्यापक. शेजारच्या भियांना, म्हणजे इंदुरी बोलीतल्या भैयांना, नोकरी लागली आणि ते म्हणाले, "अपने तो पौ बारह हो गए," तर बाबांनी त्यांना दारातच उभं करून समजावलं, की हे सारीपाटातलं दान. एका फाशावर एक आणि बाकी दोन फाशांवर सहा-सहा. हिंदीवाल्यांनी त्याचं नशीब उघडणं केलं, मराठी माणसाने त्यातूनच पळून जायला 'पोबारा' काढला. भियांनीही मग पोबाराच केला.

तेव्हा आम्ही इंदुरातल्या जुनी इंदूर भागात राहायचो. दिवाळीच्या पाडव्याला आई बाबांना ओवाळायची आणि दोघं सारीपाटाला बसायची. घराण्याची रीत अशी, की फासे हातात घेण्याआधी पण मोठ्याने बोलायचा आणि हरणाऱ्याने तो पाळायचा. पैसे लावायचे नाहीत. बाबा साडी लावत, आई आठवडाभर त्यांच्या आवडीची भाजी. 'पणाला लावणं' इथूनच आलं, असं बाबा दरवर्षी आम्हां भावंडांना सांगत. बोललेला पण फिरवला तर तो खेळ नाही, लबाडी, हेही सांगत.

एका वर्षी आईला इंदूरबाहेरच्या राऊ गावातल्या एका शाळेतून गणित शिकवायला बोलावणं आलं. तिने बी.एड. केलं होतं, ते ट्रंकेतच पडून होतं. दोन बस बदलून जावं लागेल, घराचं काय, असं म्हणून बाबांनी विषय मिटवला होता. पाडव्याला ती पाटावर बसली आणि म्हणाली, "मी जिंकले तर राऊची नोकरी करीन."

बाबा हसले आणि खेळायला बसले. त्या दिवशी आईला हवी तशी दानं पडत गेली. तिची शेवटची सोंगटी घरात गेली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

"अगं, खेळातलं ते," बाबा म्हणाले. "इतकं सीरियसली काय घेतेस?"

आईने सोंगट्या पिशवीत भरल्या आणि पानं वाढायला उठली. भांडली नाही. पुढच्या पाडव्याला तिने पुन्हा भाजीच लावली.

आता मी राऊच्या कॉलेजात शिकवते. जाता-येता ती शाळा लागते. फाटकापाशी मुलं दिसली की मला बाबांचा राग येतो. मग वाईट वाटत राहतं, कारण त्या रागाचा आईला आता काही उपयोग नाही.

यंदाच्या पाडव्याला आम्ही सगळे आई-बाबांच्या राजेंद्र नगरच्या फ्लॅटमध्ये जमलो. पट मांडलेला होता. माझ्या मुलीने आजोबांना विचारलं, पणाला लावणं म्हणजे नक्की काय. बाबांनी नेहमीच्या उत्साहाने सुरुवात केली. 'बोललेला पण' इथपर्यंत आले आणि थांबले. फासे हातात घेतले. मग आईकडे न बघता म्हणाले, "तुझा एक पण माझ्याकडे राहिलाय. राऊचा."

आई सोंगट्या लावत होती. तिने हात थांबवला नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता मला बसमध्ये चढता येत नाही. टाका फासे."